घाट चढणारी गाडी आणि गिअरबॉक्सचे तेल



वसंतातल्या व्याख्यानांना येणारा श्रोता संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण अशा विषयांची अपेक्षा धरून येतो. त्याच्यापुढे मोटारीच्या तेलाचा विषय मांडणे हे थोडे धाष्टर्याचेच आहे. पण आपण मावळातली माणसे आहोत. आपल्यापैकी बहुतेकांना आठवड्यातून एकदा तरी बोरघाट उतरावा आणि चढावा लागतो. अलीकडे लोणावळ्यात आणि पवनेच्या काठाकाठाने चारही चाकांना जोर पोचविणाऱ्या, आणि वर आपले गिअर आपणच बदलणाऱ्या गाड्या घरोघर दिसू लागल्या आहेत. ज्या घरात अशी गाडी आहे त्या घरात एक महागडी चूक दबा धरून बसलेली असते. ती मी स्वतः करता करता वाचलो, म्हणून बोलावयास उभा आहे. मी धंद्याने मिस्त्री नव्हे. शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात माझी हयात गेली.

चार वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली रविवारची संध्याकाळ. खोपोलीहून आम्ही सहाजण आणि आंब्याच्या चार पेट्या असे वर येत होतो. द्रुतगती मार्गावर गाड्यांची रांग लागलेली. दहा पावले चालावे, थांबावे, पुन्हा दहा पावले, असे तासभर चालले होते. जुना अमृतांजन पूल जिथे होता (१८३० सालचा तो पूल २०२० मध्ये पाडला, हे आपणांस ठाऊकच आहे) त्या जागेपाशी मी पाय दाबला तो इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी काही चढेना. क्षणभराने एक हिसका बसला आणि ती पुढे सरकली. पाठोपाठ करपलेला वास आला. खंडाळ्यात गाडी बाजूस घेऊन आम्ही अर्धा तास बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी एका दुरुस्तीखान्यात विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, गिअरबॉक्सचे तेल कधी बदलायचे नसते. ते आयुष्यभराचे असते." कोणाच्या आयुष्याचे, हे विचारावयाचे मला तेव्हा सुचले नाही.

आता हा प्रकार काय होता हे समजण्यासाठी त्या पेटीच्या आत जाऊ या. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचची कोरडी चकती असते. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत त्या जागी तेलाने भरलेले एक भांडे असते. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवले आणि एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसरा, बंद असलेला पंखाही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे, एवढाच फरक. इंजिन एक पाते फिरविते, ते तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे पाते फिरते. मध्ये आणखी एक पातेदार चक्र असते, ते परतणाऱ्या तेलाचा रोख वळविते, त्यामुळे गाडी सुटताना जोर वाढून मिळतो. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

ही युक्ती मुळात मोटारीसाठी निघालेलीच नव्हती. हर्मान फोटिंगर नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते जहाजासाठी. वाफेचे टर्बाइन भराभर फिरते, पण पाण्यातला पंखा सावकाश फिरला तरच कामाचा. या दोघांचा संसार कसा जुळवावा, असा त्याच्यापुढे प्रश्न होता. ज्या गावात १९४५ पासून नौदलाचे आय. एन. एस. शिवाजी हे यंत्रविद्येचे शिक्षणकेंद्र आहे, त्या गावातल्या लोकांना जहाजातली वस्तू मोटारीत आल्याचे नवल वाटू नये. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स विक्रीला आला तो अमेरिकेत, १९३९ च्या अखेरीस, १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाडीत.

म्हणजे या पेटीतले तेल केवळ वंगण नव्हे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतो तसा त्याचा उपयोग नाही. ते जोर पोचविते, दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळते, उष्णता उचलून रेडिएटरकडे नेते आणि मग उरलेल्या वेळात वंगणाचे काम करते. शिवाय एक परस्परविरोधी गुण त्याच्या अंगी असावा लागतो. दात्यांवर ते निसरडे हवे आणि चकत्यांवर मात्र नेमके तितकेच घर्षण देणारे हवे. एके काळी हा नाजूक तोल साधण्यासाठी अमेरिकेत देवमाशाच्या चरबीपासून काढलेले तेल त्यात घालीत. १९७० नंतरच्या काही वर्षांत त्या माशाच्या रक्षणासाठी ते बंद झाले आणि रसायनशास्त्रज्ञांना दुसरी द्रव्ये शोधावी लागली. ही द्रव्ये प्रत्येक गिअरबॉक्सच्या चकत्यांप्रमाणे बदलतात. म्हणून दुकानदार जेव्हा "सगळ्या ऑटोमॅटिकना चालते" असे म्हणून डबा पुढे करतो, तेव्हा गाडीबरोबर आलेले पुस्तक उघडून त्यात छापलेले तेलाचे नाव डब्यावर अक्षरशः आहे की नाही ते पाहावे. पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी आणि दोन क्लचवाले डीएसजीसारखे गिअरबॉक्स हे तर वेगळ्याच कुळातले. त्यांचे तेल निराळे आणि पुढे सांगितलेली रीतही त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

घाट या तेलाचा वैरी का? कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लावतात हे आपण पाहतो. १८६३ मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून ३७ फुटांना एक फूट ही त्याची चढण इंजिनांची परीक्षा पाहत आली आहे. मोटारीला मागून ढकलणारे कोणी नसते. ती जेव्हा भरलेल्या अवस्थेत, चढावर, रांगत चालते तेव्हा ती दोन पाती एकमेकांबरोबर फिरत नाहीत. एक पुढे धावते, दुसरे मागे रेंगाळते, आणि त्यांच्यातल्या फरकाएवढी शक्ती तेल घुसळण्यात जाऊन तिची उष्णता होते. त्यात गाडी हळू चालत असल्याने गार वाराही पुरेसा मिळत नाही. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की, तापमान दहा अंशांनी वाढले की तेल सडण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. सपाटीवर आठ वर्षे टिकणारे तेल रविवारच्या घाटात लवकर म्हातारे होते ते यामुळे. पुस्तकात "कठीण वापर" म्हणून एक बारीक टाइपातला परिच्छेद असतो. डोंगर, ओझे, धूळ, रांगेतली रहदारी असे त्यात लिहिलेले असते. मावळातल्या गाडीमालकाने तो परिच्छेद आपल्यासाठीच लिहिला आहे असे समजावे.

आणि "आयुष्यभराचे तेल" या बोलण्याविषयी एवढेच सांगतो. जगभरच्या गाड्यांना स्वयंचलित गिअरबॉक्स पुरविणारी झेडएफ ही जर्मन कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांत किंवा आठ वर्षांत बदलावे असे सांगते. ज्याने पेटी घडविली त्याचे म्हणणे ऐकावे की ज्याने ती नुसती विकली त्याचे, हे आपण ठरवावे.

पावसाळा हे आपले दुसरे खास संकट. राजमाचीच्या वाटेवर, पवनेच्या आसपासच्या ओढ्यांतून, हौसेने किंवा गरजेने गाडी पाण्यात घालतात. तापलेली पेटी एकदम गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा जुन्या रबरी सीलमधून पाणी आत ओढले जाते. तांबड्या तेलात पाणी मिसळले की त्याचा रंग थेट सोलकढीसारखा होतो. असा रंग दिसला तर महिन्याचीही वाट पाहू नये. कारण पाणी क्लचच्या चकत्यांवरचे अस्तर ज्या चिकट द्रव्याने बसविलेले असते तेच सोडविते. ओढ्यात गाडी घालून फोटो काढण्याची आपल्या तरुणांची आवड मला समजते, पण त्या फोटोची खरी किंमत सहा महिन्यांनी कळते.

आता महागड्या चुकीकडे येतो. साध्या गाडीच्या पोटाखाली तेलाची दोन बुचे असतात, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे. चार चाकांना जोर देणाऱ्या जीपवजा गाडीखाली पाच पेट्या असतात. इंजिन, गिअरबॉक्स, त्याच्या मागे जोर पुढे-मागे वाटून देणारी ट्रान्स्फर केस, पुढच्या चाकांचे डिफरन्शियल आणि मागच्या चाकांचे डिफरन्शियल. ज्या गाड्यांचे इंजिन आडवे बसविलेले असते त्यांत मांडणी निराळी. तिथे पुढचे डिफरन्शियल बहुधा गिअरबॉक्सच्याच पोटात असते आणि त्याला बिलगून, एक लिटरदेखील तेल न मावणारी एक छोटी पेटी मागच्या चाकांकडे जोर वळविते. स्वयंपाकघरातल्या फळीवर सारख्या दिसणाऱ्या पाच बरण्या असाव्यात आणि एकीवरही चिठ्ठी नसावी, तसा हा मामला आहे. साखर समजून मीठ घातले तर खीर फुकट जाते. इथे लाखाच्या वर जाणारे यंत्र फुकट जाते.

माझे झाले ते असे. दुरुस्तीखान्यातून निराश होऊन आलो आणि आपणच करू म्हणून एका रविवारी तुंगार्लीच्या आमच्या अंगणात गाडीखाली शिरलो. एक ऐसपैस बूच दिसले. हेच ते, असे मनाशी ठरवून ते सोडले. खाली घमेले धरले होते. चार लिटर येईल अशी अपेक्षा, पण लिटरभरही आले नाही. मधासारखे पिवळे, दाट, आणि वास असा की मांजर अंगण सोडून गेले. शेजारचे काका नौदलाच्या यंत्रविभागातून निवृत्त झालेले. ते कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "सर, काढलंत किती ते मोजा आधी. मग ओतायचं बघू." मोजले तेव्हा माझे डोळे उघडले. मी पुढच्या डिफरन्शियलचे तेल काढले होते. तो दुर्गंध गंधकाच्या संयुगांचा होता. डिफरन्शियलचे दाते एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना वाचविण्यासाठी ती संयुगे त्या तेलात मिसळतात. काकांनी हटकले नसते तर मी ते बूच बंद करून वरून गिअरबॉक्समध्ये चार लिटर नवे तेल ओतले असते. म्हणजे गिअरबॉक्स तुडुंब आणि डिफरन्शियल कोरडे, अशा स्थितीत गाडी दुसऱ्या दिवशी घाटात गेली असती. तेल जास्त झाले की फिरते भाग ते घुसळून त्याचा फेस करतात. फेसाला दाब धरता येत नाही, मग चकत्या घसरतात. पुढच्या डिफरन्शियलचे काय झाले असते ते सांगावयास नको.

त्या संध्याकाळी बाजारात जाऊन आधी डिफरन्शियलचे तेल आणले आणि ते भरले. गिअरबॉक्सला हात घातला तो पंधरा दिवसांनी, गाडीचे पुस्तक पाठ करून. तेव्हा जी रीत पाळली ती सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. तेलाची पातळी मोजावयाची तर गाडी पूर्ण सपाट हवी. लोणावळ्यात पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून अंगणे मुद्दाम उताराची करतात, हे डोळ्यांना जाणवत नाही. गवंडी वापरतो ती पाणसळ उंबरठ्यावर ठेवून पाहावी. नुसती पुढची चाके उचलून काम करणे या गाडीला दोन कारणांनी वर्ज्य आहे. एक तर पातळी खोटी दिसते. दुसरे कारण जिवाचे आहे. दोन चाके हवेत आणि दोन जमिनीवर असताना चुकून गिअर पडला तर साधी पुढच्या चाकांची गाडी हवेत चाके फिरवीत राहील, पण ही गाडी जमिनीवरच्या चाकांनी स्टँडवरून खाली उडी घेईल. चारही चाके जमिनीवर ठेवून खड्ड्यातून काम करता आले तर उत्तम. नाही तर चारही बाजूंना लोखंडी स्टँड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. विटा आणि जांभ्याचे चिरे हे तर मुळीच लावू नयेत, ते न सांगता फुटतात.

मग बुचांची ओळख. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाचही बुचांवर खडूने खूण करावी. गिअरबॉक्सचे भरावयाचे बूच आधी सोडून पाहावे, काढावयाचे नंतर. ही क्रमवारी फार मोलाची. भरावयाचे बूच गंजून अडकलेले असले आणि तेल आधीच काढून टाकले, तर गाडी अंगणात बसली म्हणून समजा. काही गाड्यांत खालच्या एकाच बुचाच्या आत एक उभी नळी असते. बाहेरचे बूच काढले की जादा तेल नळीवरून ओसंडते आणि पातळी कळते. नळीसुद्धा सोडली की मग सगळे तेल येते. हे ठाऊक नसलेला माणूस पेलाभर तेल आलेले पाहून "एवढेच होते" असे समजतो.

तेल कोमट असताना काढावे. तापलेले तेल हात भाजते, थारोळे तळाशी ठेवणारे गार तेल अर्धवट निघते. आलेले तेल मापाच्या भांड्यात मोजावे आणि वहीत लिहावे. मग ते पांढऱ्या कागदावर टिपून पाहावे. तांबूस, तपकिरी झालेले तेल म्हातारे पण निरोगी. काळे आणि करपट वासाचे असेल तर चकत्या जळू लागल्या आहेत. रंगावर मात्र फार विसंबू नये. तांबडा रंग हा मुद्दाम घातलेला असतो, गळती ओळखता यावी म्हणून. काही तेले मुळातच तांबडी नसतात. बुचाला किंवा तळाच्या ताटलीला लोहचुंबक असतो. त्यावर काजळासारखी राखाडी लुकण असणे स्वाभाविक आहे. नखाने उचलता येतील असे कण किंवा कपचे दिसले तर पुढचे काम जाणत्या मिस्त्र्याचे. ताटली सोडणार असाल तर आतले गाळणे बदलावे, गॅस्केट नवे घालावे आणि पुसण्यास जुन्या पंचाचे धागे सुटणारे फडके घेऊ नये. एक धागा आतल्या बारीक वाटेत अडकला तरी गिअर अडतो. ताटलीचे बोल्ट पुस्तकात दिलेल्या जोरानेच आवळावेत. इथे ॲल्युमिनियमचे आटे आहेत. जास्त ताकद लावणाऱ्याला ते क्षमा करीत नाहीत.

जेवढे काढले तेवढेच नवे, नरसाळ्याने किंवा हातपंपाने भरावे. येथे एक प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. सगळे जुने तेल निघते काय? निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्यांत पुष्कळ अडकून राहते. समजा पेटीत एकूण नऊ लिटर तेल आहे आणि बुचातून चार लिटर निघते. एकदा बदलल्याने जुने तेल शेकडा ५६ उरेल. काही दिवस गाडी चालवून दुसऱ्यांदा बदलले की शेकडा ३१ उरेल आणि तिसऱ्यांदा बदलले की शेकडा १७. चौथ्या खेपेस फारसे हाती लागत नाही. म्हणून मी तीन खेपा केल्या, प्रत्येकीत महिन्याचे अंतर ठेवून. यंत्राने सारे तेल एका दमात बदलून देणारेही असतात. पण फार जुन्या, कधीच हात न लागलेल्या पेटीला हळूहळू केलेला बदल मला अधिक मानवेल असे वाटते. याविषयी मिस्त्र्यांत मतभेद आहेत.

शेवटची पायरी पातळीची, आणि हीच बहुतेकांची चुकते. तेल तापले की फुगते. म्हणून पातळी विशिष्ट तापमानालाच मोजावयाची. नळीच्या पद्धतीच्या कित्येक गाड्यांत हे तापमान ४० अंशांच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तकात पाहावा. इंजिन चालू हवे. एकाने आसनावर बसून ब्रेक घट्ट दाबून ठेवावा, हातब्रेक ओढावा आणि लिव्हर प्रत्येक खाचेत दोन-तीन सेकंद थांबवीत शेवटी पार्कमध्ये आणावी. तापमान समजण्यासाठी गाडीच्या तपासणीच्या खोबणीत बसणारे छोटे उपकरण मिळते. ते मोबाइलवर अंश दाखविते. अंश आला की पातळीचे बूच काढावे. धार लागली तर ती थांबून थेंब थेंब पडू लागेपर्यंत वाट पाहावी. काहीच आले नाही तर धार येईपर्यंत तेल घालावे. बूच नव्या वॉशरसह लावावे. मे महिन्यात दुपारी हे काम करू नये. तेल चाळीस अंशांखाली सापडतच नाही. पहाटेची लोणावळ्याची हवा याला फार चांगली.

ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियले यांचे काम त्या मानाने सोपे. वरचे बूच भरावयाचे, खालचे काढावयाचे, आणि वरच्या भोकातून ओसंडेपर्यंत भरावयाचे. फक्त डबा ओतण्यापूर्वी वास घ्यावा. नाकाने एकदा ओळखलेले गंधकाचे तेल माणूस पुन्हा गिअरबॉक्समध्ये ओतीत नाही.

उरलेल्या जुन्या तेलाचे काय? आमच्याकडे ते कुंपणाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून फासण्याची चाल आहे. कोणी नाल्यात सोडून देतो. आपल्या अंगणातला नाला कुठे जातो याचा विचार व्हावा. इंद्रायणी आपल्या कुरवंड्याजवळ उगम पावते, आणि पिंपरी-चिंचवड शहर पवनेचे पाणी पिते. कायद्यानेही, २०१६ च्या नियमांप्रमाणे, वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते शुद्ध करून पुन्हा तेल बनविणारे परवानाधारक कारखाने आहेत, आणि मोठे दुरुस्तीखाने त्यांच्यासाठी पिपे भरून ठेवतात. मी माझे तीन खेपांचे बारा लिटर आणि डिफरन्शियलचे ते पाऊण लिटर अशा एका पिपात देऊन आलो. ब्रेकचे तेल किंवा रॉकेल त्यात मिसळू नये एवढेच त्यांचे सांगणे होते.

तिसऱ्या बदलानंतरच्या रविवारी पुन्हा खोपोलीहून वर आलो. रांग होतीच. त्याच जागी गाडी थांबली, सुटली, थांबली. तपासणीचे उपकरण लावून ठेवले होते. माथ्यावर पोचेतो तेल १०२ अंशांपर्यंत चढले आणि खंडाळ्याच्या पुढे मोकळा रस्ता लागताच दहा मिनिटांत ९० च्या खाली आले. घसरण किंवा हिसका काही जाणवले नाही. घरी येऊन गाडीखाली जुना पुठ्ठा पसरला, सकाळी तो कोरडा होता. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवले आहेत. पुढची खेप ४०,००० किलोमीटरांनी.